चौकोनी भोकाचं पितळी नाणं: ओतकामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

टेबलावर एक नाणं आहे. चीनच्या छियेनलोंग बादशहाच्या काळातलं (१७३६–१७९५), एका जुन्या संग्राहकाकडून घेतलेलं. व्यास २५.४ मिलिमीटर, वजन ४.३ ग्रॅम. मधे चौकोनी भोक. पुढच्या बाजूला चार अक्षरं, वाचायची आधी वर, मग खाली, मग उजवीकडे आणि शेवटी डावीकडे. मागे मांचू लिपीत दोन शब्द. डावीकडच्याचा अर्थ ‘मौल्यवान’, उजवीकडे टांकसाळीचं नाव.

आपल्याकडची शिवराई बघायची सवय असलेल्या डोळ्याला यात पहिल्यांदा खटकते ती कड. शिवराईची कड कशीही असते, ठसा अर्धा बाहेर गेलेला असतो, कारण तांब्याचा तुकडा ठशावर ठेवून वरून घण घातलेला. इथे कड गोल, उंच, सगळीकडे सारखी. हे नाणं ठोकलेलंच नाही, ओतलेलं आहे. पहिला सम्राट छिन शी ह्वांग याने इ.स.पू. २२१ मध्ये एकच नाणं सगळीकडे लागू केलं तेव्हापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चीनने नाणी ओतलीच. आधी कांस्याची, मग मिंग घराण्याच्या ज्याजिंग काळापासून (१५२२–१५६६) पितळेची.

पॉलिटेक्निकात धातुकाम शिकवून निवृत्त झालो, पण हे असं नाणं स्वतःच्या हाताने कधी ओतलं नाही. म्हणून हा प्रकल्प: जुन्या कृतीने चोवीस नाणी. विजेची भट्टी नाही, बाजारची तयार वाळू नाही. एकच बंधन घालून घेतलंय. प्रत्येक नाण्याच्या मागे मांचू अक्षरांच्या जागी ‘को’ कोरायचं. उद्या कुणी हे जुनं म्हणून विकायला नको.

१२ ऑक्टोबर, दसरा

ओतारी आबांच्या शेडवर गेलो होतो. भट्टी बंद. मुशी, सांडशा, कानशी सगळं हळदीकुंकू लावून ओळीने मांडलेलं, वर झेंडूची माळ. आबा घंटा, समया आणि देवांचे मुखवटे ओततात. नाण्याचं ऐकून म्हणाले, “मास्तर, टांकसाळ काढताय व्हय? मग आत जायच्या आधी मला सांगा.”

कृती घेतली आहे सोंग यिंगशिंग यांच्या ‘थ्येनगोंग काइवू’मधून. हा ग्रंथ १६३७ चा, म्हणजे मिंग राज्य कोसळायच्या सात वर्षं आधीचा. परीक्षेत वारंवार नापास झालेला हा गृहस्थ शेती, मीठ, कागद, ओतकाम असं सगळं लिहून ठेवतो. नाण्यांवर त्याने जे लिहिलंय ते कामगाराच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय लिहिता येणार नाही.

धातू: दहा जिन (चिनी वजनाचं माप) मालात तांबं सहा किंवा सात, जस्त चार किंवा तीन. जस्ताला त्याने म्हटलंय ‘जपानी शिसं’. जपानशी त्याचा काही संबंध नाही. दिसायला शिशासारखं, पण स्वभावाने उग्र, म्हणून किनाऱ्यावर धुमाकूळ घालणाऱ्या ‘जपानी’ चाच्यांचं नाव त्याला दिलं, असं तो स्वतःच सांगतो. मोठ्या आचेवर दर वेळी पाव हिस्सा उडून जातो, हेही सांगतो.

वहीच्या कोपऱ्यात हिशेब केला. सहा आणि चारमधलं एक गेलं की उरतं सहा आणि तीन, म्हणजे ६६.७ टक्के तांबं. सात-तीन घेतलं तर सुमारे ७५.७ टक्के. लिहिलेलं प्रमाण आणि नाण्यातलं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या नाण्यांची रासायनिक तपासणी वाचताना हे लक्षात ठेवलं नाही, तर टांकसाळीचे अधिकारी चोर वाटायला लागतात. असतीलही, पण हा पाव हिस्सा त्यांनी नेलेला नाही.

२० ऑक्टोबर

माती आणि साचा.

सोंग म्हणतो, लाकडाच्या चार पट्ट्यांची चौकट घ्या, पट्टी १.२ छर लांब. मिंग काळचा छर साधारण ३२ सेंटिमीटर, म्हणजे चौकट झाली ३८ सेंटिमीटरची. त्यात अगदी बारीक माती आणि कोळशाची भुकटी ठासून भरायची, वर शंभर मातृनाणी, म्हणजे साच्यात ठसा उमटवायची नमुन्याची नाणी, मांडायची. शंभर हा आकडा मला आधी गोल वाटला होता, बोलायला सोपा म्हणून घेतलेला. पण दहा ओळीत दहा नाणी मांडून बघा: प्रत्येकाला ३.८ सेंटिमीटर जागा मिळते. नाणं अडीच सेंटिमीटरचं. मधे रसाच्या वाटेला जागा उरते. आकडा बरोबर बसतो!

माझी चौकट २० सेंटिमीटरची, चोवीस नाण्यांची. मधोमध एक जाडी वाट, तिला दोन्हीकडे फांद्या, प्रत्येक फांदीला नाणी.

मातृनाण्यांसाठी कथील. सोंगच्या वेळी ती कथलाची कोरत असत. छिंग घराण्याच्या, म्हणजे छियेनलोंगच्याच घराण्याच्या, काळात आधी एक मूळ नाणं पितळेत हाताने कोरत, त्याला कोरीव माता म्हणत. त्यावरून मातृनाणी ओतत आणि मातृनाण्यांवरून चलनातली नाणी. तीन पिढ्या. मी एक कोरलं. चार अक्षरांना आठ दिवस गेले आणि तरी त्यातलं ‘लोंग’ एखाद्या चेंगरलेल्या कोळ्यासारखं दिसतंय. छापील अक्षर बघून कोरताना कळतं, की हे अक्षर लिहिणाऱ्याच्या हाताचं आहे, कोरणाऱ्याच्या नाही. थांग घराण्याच्या ६२१ सालच्या काइयुआन नाण्याची अक्षरं ओउयांग श्युन या नामांकित सुलेखनकाराने लिहून दिली होती, ते उगीच नाही.

कोरलेल्या एकावरून कथलाची चोवीस ओतून घेतली. कथील गॅसच्या शेगडीवरसुद्धा वितळतं, तेव्हा हे काम घरीच झालं. घरच्यांचं मत मात्र इथे लिहीत नाही.

माती: आबांची पद्धत गाळाची माती, शेण आणि गूळपाणी अशी. मी पंचगंगेकाठची गाळाची माती वाळवून, कुटून, मलमलीतून चाळून घेतली आणि तीन वाट्यांना एक वाटी कोळशाची पूड घातली. वरून माखायला सोंग देवदाराची किंवा वाळुंजीची राख सांगतो, नाहीतर राळ आणि तेलाचा धूर. मी राळ आणि मोहरीच्या तेलाचा धूर दिला. साच्याचा चेहरा काळा मखमली झाला. आबा वाकून बघत म्हणाले, “ह्ये बेस हाय. ह्यानं माती चिकटणार न्हाई.”

२७ ऑक्टोबर

पहिली ओत. फसली.

मूस लहान, एक किलोची. ६०० ग्रॅम तांबं, ४०० ग्रॅम जस्त. कृतीत स्पष्ट लिहिलंय: आधी तांबं वितळू द्या, मग जस्त टाका. तांबं वितळतं १०८५ अंशांना, जस्त ९०७ अंशांना उकळतं. म्हणजे वितळलेल्या तांब्यात जस्त टाकणं म्हणजे उकळत्या तेलात पाणी टाकणं. मी घाईत मोठा गोळा एकदम टाकला. पांढरा धूर, हिरवी-निळी ज्योत, आणि दोन मिनिटांत शेडभर कापसासारखे तंतू तरंगायला लागले. ते जस्ताचं ऑक्साइड. मास्क होता, तरी रात्री थंडी वाजून ताप आला. पितळेच्या ओतकामात हा ताप जुनाच आहे. सकाळी उतरला.

रस थंड पडला, चोवीसपैकी सहा नाणी भरली, बाकीची चंद्रकोरीसारखी. मुशीत मागे उरलेलं आणि साच्यातलं मिळून ७९० ग्रॅम. म्हणजे २१० ग्रॅम हवेत गेले, जस्ताचा अर्ध्याहून जास्त हिस्सा. सोंगचा पाव हिस्सा हा हुशार कामगाराचा आकडा होता, हे आता पटलं.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

काम बंद. बहीण आली होती, तिला सगळं दाखवलं. तिने एकच प्रश्न विचारला: “यात सोनं असतं का रे?” हा प्रश्न चीनमध्येही तीनशे वर्षांपासून विचारला जातो. कांगशी बादशहाच्या साठाव्या वाढदिवसाला, १७१३ मध्ये, एक खास नाणं ओतलं होतं. त्यातल्या ‘शी’ अक्षरात एक रेघ कमी आहे. लोक त्याला ‘अर्हताचं नाणं’ म्हणतात. कथा अशी की देवळातल्या सोन्याच्या अर्हतमूर्ती वितळवून त्यात घातल्या. नाणं पिवळंधमक दिसतं हे खरं, पण ते चांगल्या पितळेचं दिसणं आहे. लोकांनी ते लग्नात दिलं, अंगठ्यांत बसवलं. पितळ उघडं पडलं तरी माणसाला सोन्याची गोष्टच हवी असते, असं म्हणून बहिणीने ओवाळणीचं ताट पुढे केलं.

१० नोव्हेंबर

दुसरी ओत. जमली!

बदल तीन. जस्ताचे बोटाएवढे तुकडे, गरम करून घेतलेले, एकेक चिमट्याने रसाच्या तळाशी दाबून. रसावर कोळशाच्या भुकटीचा जाड थर. साचा आधी निखाऱ्यांवर शेकून कोमट. पुन्हा ६००–४००. ओतल्यावर सगळं मिळून ८९५ ग्रॅम. घट १०५. सोंगच्या हिशेबाने ती १०० हवी होती. मी वही आबांसमोर नाचवली. आबांना त्यात विशेष वाटलं नाही. त्यांचा अंदाज मूस उचलतानाच झाला होता.

ओतताना दोघं लागतात. पुस्तकात तसंच आहे: एकाने घारीच्या चोचीसारख्या सांडशीने मूस उचलायची, दुसऱ्याने दुसऱ्या सांडशीने तिचा तळ सावरायचा. मी तळ सावरत होतो. ओतायला चार सेकंद लागले असतील.

थंड झाल्यावर चौकट उघडली. मधे पितळेचं खोड, त्याला फांद्या, फांद्यांना नाणी. चोवीसपैकी एकवीस पूर्ण. सोंगने लिहिलंय की साचा उघडला की शंभर नाणी फांदीवरच्या फुलाफळांसारखी दिसतात. मला ते वाक्य अलंकारिक वाटलं होतं. नाही, ते नुसतं वर्णन आहे.

१७ नोव्हेंबर

आज कानस, आणि नुसती कानस.

फांदीवरून नाणी मोडून घेतली. प्रत्येकाच्या कडेला तुटल्याची गाठ, भोकात पितळेचा पातळ पापुद्रा. आधी भोकं साफ केली, मग बांबूची चौकोनी काठी तासून त्यात सगळी ओवली. आणि इथे त्या चौकोनी भोकाचं उत्तर हातात आलं. गोल काठीवर गोल भोकाची नाणी कानशीखाली फिरतात. चौकोनी भोक चौकोनी काठीवर फिरत नाही. शेकडो नाण्यांची कड एकदम घासता येते. आकाश गोल आणि पृथ्वी चौकोनी म्हणून नाणं असं, ही दुसरी गोष्ट चीनमध्येच प्रसिद्ध आहे आणि छान आहे; पण माझा कौल कानशीला.

कडा एकत्र होतात. चेहरे मात्र एकेक करूनच घासावे लागतात. एकवीस नाण्यांचे चेहरे दोन्ही बाजूंनी घासायला पाच तास. ओत चार सेकंदांची. टांकसाळीचं चित्र काढायचं तर सगळे भट्टी काढतात, ज्वाळा काढतात. खरं तर घासणाऱ्यांची लांबच लांब रांग काढायला हवी.

आबांचा नातू कंटाळून म्हणाला, “ह्यापेक्षा ठोकायचं की.” बरोबर आहे. ठोकणारा दोन-तीन घावांत मोकळा होतो. पण ठोकायला लोखंडी ठसा लागतो, तो झिजतो, फुटतो, आणि कोरणारा कारागीर दुर्मीळ. ओतायला लागते माती, कोळसा आणि माणसं. चीनला कोट्यवधी लहान नाणी हवी होती. रोजच्या मिठाभाजीला चांदी चालत नाही.

२४ नोव्हेंबर

आज ओतकाम नाही, तराजू घेऊन बसलो. मला या प्रकल्पात शेवटी जे लिहायचंय ते बहुधा इथेच आहे.

चीनमध्ये या नाण्याचं वजन ‘छियेन’मध्ये मोजत. एक छियेन म्हणजे सुमारे ३.७३ ग्रॅम. हजार नाण्यांची माळ, आणि सरकारी भावाने एक माळ बरोबर एक ल्यांग चांदी: ३७.३ ग्रॅम. १.२ छियेनच्या नाण्यांची माळ उचलून बघितली तर ती साडेचार किलो भरते. साडेचार किलो पितळ विरुद्ध मूठभर चांदी. तराजू इतका नाजूक, की तांबं थोडं महाग झालं की नाण्यापेक्षा त्यातलं पितळ जास्त किमतीचं. मग लोक नाणी वितळवून भांडी करतात. तांबं स्वस्त झालं किंवा नाणं हलकं केलं, की खोटी नाणी ओतणाऱ्यांचं फावतं. दोन्हीकडून खड्डा.

छिंग दरबार या दोन खड्ड्यांमधून शंभर वर्षं चालत राहिला. कांगशीने १६८४ मध्ये वितळवणं थांबवायला नाणं १.४ छियेनवरून १ छियेनवर आणलं, साठ टक्के तांबं आणि चाळीस टक्के जस्त. खोटी नाणी वाढली, १७०२ मध्ये परत १.४. योंगचेंगने १७२६ मध्ये लोकांना पितळेची भांडी ठेवायलाच बंदी केली. वरच्या तीन दर्जांच्या अधिकाऱ्यांनाच मुभा. १७२७ मध्ये तांबं आणि जस्त निम्मं-निम्मं. १७३४ मध्ये वजन १.२. भांड्यांवरची बंदी पुढच्या बादशहाने १७३६ मध्ये उठवली. कुणाच्या स्वयंपाकघरात शिरून किती हंडे मोजणार?

माझ्या टेबलावरचं नाणं या सगळ्यानंतरचं. त्याचं ४.३ ग्रॅम वजन १.२ छियेनला (४.४८ ग्रॅम) जवळजवळ जुळतं, उरलेलं अडीचशे वर्षांच्या बोटांनी नेलं असेल.

तांबं कुठून? आधी मोठा भाग जपानमधून, नागासाकीच्या बंदरातून. १७१५ मध्ये तोकुगावा सरकारने जहाजं आणि तांब्याची निर्यात दोन्ही आवळली. मग नजर गेली नैऋत्येच्या डोंगराळ युन्नानकडे. १७३० च्या दशकाच्या अखेरीपासून बीजिंगच्या दोन्ही टांकसाळी, महसूल खात्याची आणि बांधकाम खात्याची, युन्नानच्या तांब्यावर चालायला लागल्या. वर्षाचा ठरलेला वाटा ६३,३१,४४० जिन. सुमारे ३,८०० टन. तट्टांच्या आणि बैलांच्या पाठीवरून डोंगर उतरून सिचुआनमधल्या लुझोऊला, तिथून होड्यांनी यांगत्सेच्या घळींतून खाली, मग मोठ्या कालव्याने उत्तरेला थोंगझोऊ आणि शेवटी बीजिंग. वाटेत जवळजवळ वर्ष जाई. घळीत होडी बुडाली की पाणबुडे लावून तांबं वर काढत आणि सोबतच्या अधिकाऱ्याला जाब द्यावा लागे. जस्त शेजारच्या ग्वेझोऊचं. मातीच्या बंद भांड्यांत खनिज आणि कोळसा भरून, वाफ भांड्याच्या वरच्या भागात थंड करून ते काढत. आपल्याकडे राजस्थानात जावरला याच धातूची वाफ खाली उतरवून पकडत. एकच हट्टी धातू, पकडायच्या दोन तऱ्हा.

म्हणजे बाजारात भाजीवाल्याला दिलेल्या एका नाण्यामागे दोन हजार किलोमीटरहून लांबची वाट. चार सेकंदांची ओत, आणि वर्षभराचा प्रवास.

१ डिसेंबर

१७४० चा बदल हाताने तपासला. छियेनलोंगच्या दरबारात ठरलं: तांबं ५० टक्के, जस्त ४१.५, शिसं ६.५, कथील २. या नाण्यांना ‘निळी-हिरवी’ म्हणायचे, जुनी ती ‘पिवळी’. युक्तिवाद असा की दोन टक्के कथील घातलं की वितळवलेल्या मालाची भांडी ठोकता येत नाहीत, तो फुटतो. वितळवणाऱ्यांचा धंदाच बंद.

शिसं असल्यामुळे सगळं उघड्यावर केलं, मुलांना लांब ठेवलं. दोन कांड्या ओतल्या. पहिली साठ-चाळीसची. ऐरणीवर थंड ठोकली, पातळ होत गेली, बऱ्याच उशिरा कडेला चिरली. दुसरी कथिलाची. तिसऱ्या घावाला काडकन दोन तुकडे. आत राखाडी, खरखरीत. दरबाराचं म्हणणं खोटं नव्हतं.

आबा तुकडे हातात घेऊन बघत होते. म्हणाले, “ह्यात तांबं वाढवा.” वाढवलं. तुकडे आणि तेवढंच नवं तांबं. पुन्हा ओतलेली कांडी गुमान वाकली. एका ओताऱ्याला हे सुचायला दहा मिनिटं लागली. बादशाही फर्मानाचा आयुष्यकाल काढायचा तर तो बहुधा असा काढावा. अर्थात नवं तांबं विकत घ्यावं लागतं, तेव्हा धंद्यातला नफा घटतो. एवढंच काय ते यश.

कथिलाच्या मिश्रणाचा एक गुण मात्र कुणी सांगितला नव्हता: रस पातळ वाहतो, अक्षरं कोरीव उठतात. माझा चेंगरलेला कोळीसुद्धा यावेळी बरा दिसला.

८ डिसेंबर

मोजमाप. मूळ कोरीव नाणं २५.९ मिलिमीटर. कथिलाची माता २५.८. पितळी नाणी, घासायच्या आधी, २५.४. पितळ आकसतं दीड टक्क्याच्या आसपास. मग मुद्दाम माझ्याच एका पितळी नाण्याला माता करून त्याचं पिल्लू ओतलं: २५.०, आणि अक्षरांच्या कडा लोण्यासारख्या. खोटी नाणी ओळखायची जुनी रीत हीच. खोटं करणाऱ्याकडे माता नसते, त्याला चलनातल्याच नाण्यावरून ठसा घ्यावा लागतो, आणि पिल्लू आईपेक्षा लहान निघतं.

बाकीचा इतिहास भराभर नोंदवून ठेवतो, कारण त्यावर माझ्याकडे करायला प्रयोग नाही. १८५३ मध्ये थायपिंग बंडखोरांनी नानजिंग घेतलं, यांगत्से तुटली, युन्नानचं तांबं तुटलं. श्येनफेंगच्या सरकारने दहा, पन्नास, शंभर, पाचशे, हजार किमतीची मोठी नाणी काढली, ज्यांत तेवढा धातू नव्हताच. लोक ती घेईनात; पाचशे आणि हजारची नाणी १८५४ मध्येच थांबवावी लागली. त्याच वर्षी लोखंडाची नाणीही आली. १८८९ मध्ये ग्वांगझोऊला तिथल्या सुभेदाराने, झांग झितोंगने, बर्मिंगहमच्या हीटन कंपनीची यंत्रं आणून नाणी ठोकायला सुरुवात केली, तीही पितळी आणि चौकोनी भोकाचीच. १९०० मध्ये तिथूनच भोक नसलेलं तांब्याचं नाणं निघालं. त्या नाण्याला कानस लागत नव्हती.

एकवीस नाणी आबांकडे नेली. त्यांनी ती सुतळीत ओवली, हातावर तोलली, मग दगडावर एक आपटून ऐकलं. चांदीसारखं खणखणत नाही. थोडा बसका आवाज, भोकामुळे असेल. “वाजतंय कमी,” ते म्हणाले, “पर घासलंय बेस.” माळ शेडच्या खिळ्याला अडकवली. तीन अर्धवट नाणी आणि खोड परत मुशीत टाकायचं ठरलंय. पुढच्या रविवारी. बारीक दाताची कानस झिजली, ती नवी आणायची आहे.